शाळेच्या गेटवरचं जेवण

शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीत माझं नाव चिठ्ठीने निघालं. शाळांच्या फीबद्दल महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे. त्यानुसार खाजगी शाळेत अशी समिती लागते, आणि ज्या पालकांची तयारी असेल त्यांच्यातून सोडत काढून तिचे सभासद घेतात. मुलगा नुकताच सहावीत गेला होता. मी नाव दिलं आणि नाव आलं. मी घरून छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देते. समितीचं मुख्य काम फीवाढ तपासण्याचं, तेव्हा आकडे बघायला आपण उपयोगी पडू, एवढ्याच समजुतीवर मी पहिल्या बैठकीला मागच्या दोन वर्षांच्या फीचा तक्ता घेऊन गेले.

फीचा विषय निघालाच नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आधी गेटवर येणाऱ्या जेवणाचं काय करायचं ते ठरवू या." मला काहीच उमगेना. कसलं जेवण? मग हळूहळू कळलं. आईवडील ऑफिसमधून मोबाइलवर हॉटेलचं जेवण मागवतात, पत्ता शाळेचा देतात, आणि डिलिव्हरीवाला ते गेटवर आणून देतो. आधी कधीतरी एखादं पार्सल यायचं. आता मधल्या सुट्टीच्या आधी गेटजवळचा रॅक भरतो. एक आई म्हणाल्या, सरळ बंद करा. एक वडील तडकले, "माझ्या मुलाने काय खायचं ते शाळा ठरवणार का?" दोघंही मनापासून बोलत होते आणि मला दोघांचंही पटत होतं, हीच माझी अडचण झाली. शेवटी मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "तुम्ही नवीन आहात, तुमचं मत अजून बनलेलं नाही. जरा नीट बघा आणि पुढच्या बैठकीत सांगा."

मुलाला शाळेत पार्सल पाठवता येतं हेच मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पाहायचं म्हणजे काय पाहायचं, कुणाला विचारायचं, काही सुचेना. म्हणून गेटपासून सुरुवात केली.

आमची मधली सुट्टी बारा वाजता, अर्ध्या तासाची. पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरातली शाळा, आजूबाजूला आयटी कंपन्या, रस्त्याला सतत रहदारी. सकाळी साडेदहाला मी गेटजवळच्या बाकावर जाऊन बसले. गेटवरचे मामा आधी जरा बिचकले, मग चहा पाजून बोलते झाले. पहिला डिलिव्हरीवाला अकराच्या सुमारास आला. पिशवीवर चिकटवलेल्या बिलावर वडिलांचं नाव. मुलाचं नाव नाही, इयत्ता नाही, तुकडी नाही. मामांनी विचारलं, "कुणाचं आहे?" त्याला कसं ठाऊक असणार? त्याने बिलावरच्या नंबरला फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. मुलांना शाळेत मोबाइल आणायला बंदी, त्यामुळे मुलाला विचारण्याचा प्रश्नच नाही. तो पोरगा हेल्मेट काढून घाम पुसत उभा. "ताई, इथे थांबलो की पुढची ऑर्डर जाते," एवढंच तो मला म्हणाला. अखेर वडिलांचा फोन आला, नाव कळलं, मामांनी खिशातून मार्कर काढून पिशवीवर 'आरव' लिहिलं आणि रॅकवर ठेवून दिलं.

शाळेत आरव किती आहेत, हे मी मामांना विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला.

बारा वाजेपर्यंत रॅक भरला. तो रॅक मुळात खेळाचे बूट ठेवायला केलेला, वर पत्रा, आणि अकरानंतर त्याच्या अर्ध्या भागावर ऊन येतं. पिशव्या एकमेकींवर रचलेल्या. एका डब्यातून रस्सा झिरपून खालच्या कागदी खोक्यात उतरला होता. घंटा झाली आणि मुलं धावत आली. ज्यांची पार्सलं आलेली ती हाताला येईल ती पिशवी उघडून बघू लागली. ज्यांची आलेली नव्हती ती गजांना धरून रस्त्याकडे बघत उभी राहिली. एका जैन कुटुंबातल्या मुलाच्या हातात अंडा रोल गेला. त्याने वास घेतला, थबकला आणि ठेवून दिला. मग त्याचा पराठा कुणी नेला हे शोधण्यात त्याची सुट्टी गेली. पाचवीतली एक मुलगी वीस मिनिटं गेटपाशी उभी होती. तिचं जेवण आलं तेव्हा वर्गात जायची घंटा वाजायला जेमतेम पाच मिनिटं होती. मामांनी तिला बाकावर माझ्या शेजारी बसवलं. तिने दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि पळाली.

या सगळ्या वेळात मामा काय करत होते, ते मला घरी आल्यावर लक्षात आलं. ते पिशव्या लावत होते, फोन घेत होते, नावं लिहीत होते, मुलांना आवरत होते. गेटकडे त्यांची पाठ होती. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, ऑगस्ट २०२४ मध्ये, राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही लावायला सांगितले, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीबद्दल कडक सूचना दिल्या. आमच्याकडे कॅमेरे लागलेही. पण कॅमेऱ्याच्या खाली जो माणूस गेट राखायला बसवला आहे, त्याला सर्वांत गर्दीच्या वेळी आपण जेवणं वाटायला लावलं आहे. जेवण आणणाऱ्या मुलांबद्दल संशय घ्यावा असं मला एकदाही काही दिसलं नाही. कष्ट करणारी, घाईत असलेली पोरं आहेत ती. प्रश्न मामांच्या पाठीचा आहे.

तरीही, जेवणाबद्दल माझं मत अजून बनलं नव्हतं. बंदी मागणाऱ्या आईंचं म्हणणं होतं की हे सगळं जंक फूड आहे. बिलं वाचायची मला सवय आहे. मामांच्या आणि शाळेच्या परवानगीने मी रॅकवरच्या बिलांवरचे पदार्थ लिहून घ्यायला लागले. पिझ्झा, बर्गर, फ्राइड राइस होतेच. पण इडली-सांबार होतं, मेथी पराठा होता, वरणभाताची थाळी होती, एका बिलावर तर नुसता दहीभात. निम्म्याहून जास्त बिलांवर घरी होतात तेच पदार्थ होते. मग मी मुलाला विचारलं की बाकीच्यांच्या डब्यात काय असतं. त्याने सांगितलेल्या यादीत पोळीभाजी होती, तशी जॅम-ब्रेड, पाकिटातल्या नूडल्स आणि वेफर्सही होत्या. म्हणजे घरून आलेलं ते पौष्टिक आणि बाहेरून आलेलं ते वाईट, अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. हा मुद्दा माझ्या वहीत मी खोडला.

मग कायदा शोधला. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०२० चे विनियम आहेत, खास शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दलचे. स्निग्ध पदार्थ, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, असं त्यात आहे. महाराष्ट्र सरकारने तर त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या कँटीनमधून असे पदार्थ काढायला सांगितलं होतं. पण हे सारं मुलांना विकण्याबद्दल आहे. वडिलांनी ऑफिसात बसून विकत घेतलेलं आणि शाळेच्या पत्त्यावर धाडलेलं जेवण त्या वाक्यात बसत नाही. कँटीनच्या काउंटरवर जे कोल्ड्रिंक ठेवता येत नाही, ते बर्गरबरोबर 'कॉम्बो' म्हणून गेटमधून आत येतं. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गेटबाहेरची गाडी होती. रॅकवरची पिशवी तेव्हा कुणाच्या ध्यानात नसावी.

बिलांवर आणखी एक गोष्ट असते, परवान्याचा १४ आकडी क्रमांक. २०२२ पासून खाद्यपदार्थांच्या बिलावर तो छापणं बंधनकारक आहे. माझी नजर अशा क्रमांकांवर आपोआप जाते. चार वेगवेगळ्या हॉटेलांच्या बिलांवर मला एकच क्रमांक दिसला. एक बिर्याणीचं, एक पराठ्याचं, एक चायनीज, एक 'घरगुती थाळी'. पत्ता एकच. मुलाला शाळेत सोडून एके सकाळी मी तिथे गेले. मुख्य रस्त्याच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावरचा गाळा, अर्धं शटर वर. बसायला टेबल नाही, पाटी नाही. आत चार शेगड्या, स्टीलचं लांब टेबल, भिंतीला टांगलेले दोन टॅब.

तिथल्या आचाऱ्याने माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. जागा तशी स्वच्छ होती, त्याच्या डोक्याला टोपी होती, हेही मला नमूद करायला हवं. मी विचारलं, अकरा वाजताची ऑर्डर तुम्ही कधी बनवता? तो म्हणाला, खरी गर्दी बारानंतर. त्याआधीच्या ऑर्डरला सकाळी करून ठेवलेला भात आणि ग्रेव्ही असते, ऑर्डर आली की परततो आणि भरतो. मग त्यानेच विचारलं, "पण ती ऑर्डर कुणाची असते?" मी म्हटलं, शाळेतल्या मुलांची, पाचवी-सहावीच्या. तो क्षणभर बघत राहिला. "आम्हाला वाटतं ऑफिसवाले आहेत. माहीत असतं तर तिखट कमी टाकलं असतं." त्याला पडद्यावर दिसतं ते वडिलांचं नाव आणि पदार्थाचं नाव. आपण ज्याच्यासाठी रांधतो आहोत ते अकरा वर्षांचं पोर आहे, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

भाताबद्दल मी नंतर एका अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंशी बोलले. शिजवलेला भात बराच वेळ कोमट राहिला तर त्यात 'बॅसिलस सीरियस' नावाचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचं एक विष असं आहे की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही, उलट्या होतात. म्हणून गरम ठेवायचं अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचं ५ अंशांच्या खाली, हा स्वयंपाकघरातला मूळ नियम. ताजं शिजलेलं जेवण तासभर रॅकवर राहिलं म्हणून लगेच काही होतं असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण तो तास मोजायचा कुठून? भात सकाळी आठला शिजला की अकराला, हे आईला ठाऊक नाही, मामांना नाही, वर्गाच्या बाईंना नाही. आमच्या शाळेत पाचवीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली एक मुलगी आहे. तिच्या वर्गाच्या बाई तिच्याजवळ बसणाऱ्या मुलांचे डबे नजरेखालून घालतात. त्या मला म्हणाल्या, "घरच्या डब्यातली उसळ मला कळते. पार्सलच्या ग्रेव्हीत काय वाटलंय ते मी कसं सांगू?"

इथे माझं मत बंदीकडे झुकायला लागलं होतं. तेवढ्यात एका आईची गाठ पडली.

बिलांवर एक नाव ठरावीक दिवशी येत होतं, आणि नेहमी इडली किंवा थाळी. मुख्याध्यापिकांनी आधी त्यांना विचारून मग माझी गाठ घालून दिली. त्या रुग्णालयात परिचारिका आहेत. घरात त्या आणि मुलगा, तिसरं कुणी नाही. रात्रपाळी असते त्या दिवशी त्या सकाळी घरी पोचतात आणि मुलगा अर्ध्या तासात बसला निघतो. "मी बारा तास उभी राहून आलेली असते. त्याचे केस विंचरावेत की कणीक मळावी?" त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "बंद करायचं तर करा. पण त्या दिवशी त्याने काय खायचं, तेही त्याच कागदावर लिहा." ते वाक्य मी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं.

मी मग बिलांकडे पुन्हा पाहिलं. ऑर्डर देणाऱ्यांमध्ये वडिलांची नावं बरीच होती. पण पार्सल उशिरा आलं किंवा मूल उपाशी राहिलं की वर्गातून फोन जातो तो आईला. बैठकीतही डब्याचा विषय निघाला की सगळे बायकांकडे बघत होते. 'हल्लीच्या आयांना डबा करायला नको' हे वाक्य मी या महिन्याभरात इतक्यांदा ऐकलं की त्याबद्दल लिहिणं भाग आहे. ज्या घरात पहाटे उठून डबा होतो, तिथे तो बहुतेक बाईच करते, आणि ज्या घरात होत नाही तिथे बोल तिलाच लागतो. मुलाचा डबा हे घराचं काम आहे. बाप पोळ्या करू शकतो, भाजी चिरू शकतो, आदल्या रात्री थालीपिठाचं पीठ भिजवू शकतो. हॉटेलच्या पार्सलाविरुद्ध बोलायचं म्हणून आयांना पुन्हा ओट्यापाशी उभं करायचं असेल, तर त्या ठरावावर मी सही करणार नाही, हे मी ठरवून टाकलं.

माझ्या सासूबाई गिरगावात वाढल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या शाळेत डबेवाला यायचाच की." त्यात तथ्य होतं. मुंबईतली डबे पोचवण्याची पद्धत १८९० पासूनची, महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली. नोकरदारांबरोबर शाळेतल्या मुलांचेही डबे ते वाहायचे. मुलांना गरम जेवण मिळावं म्हणून कुणीतरी ते शाळेत पोचवणं, यात नवं किंवा वाईट असं काही नाही. मी सासूबाईंना खोदून खोदून विचारलं. डबेवाला रोज तोच. तो त्यांच्या घरी येऊन आईच्या हातून डबा घ्यायचा. डब्याच्या झाकणावर रंगाने खूण केलेली, त्यावरून कुठल्या इमारतीतला, कुणाचा, हे त्याला कळायचं. शाळेच्या शिपायाला तो माहीत आणि डबा कुठे ठेवायचा ती जागाही ठरलेली. त्या साखळीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याला ओळखत होता. आमच्या गेटवर रोज वेगळा पोरगा येतो, तो मुलाला ओळखत नाही, आचारी खाणाऱ्याला ओळखत नाही आणि मामांना पिशवीत काय आहे ते कळत नाही.

मग मी रस्त्यापलीकडच्या महापालिकेच्या शाळेत गेले. तिथे जायचं आधी मनातही नव्हतं. मधल्या सुट्टीच्या आधी तिथे टेम्पो येताना गेटवरून रोज दिसायचा, म्हणून गेले. त्या टेम्पोतून पोषण आहाराची भांडी उतरतात. शहरात बहुतेक ठिकाणी ही खिचडी शाळेत शिजत नाही, मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येते. म्हणजे तेही बाहेरून येणारंच जेवण. भांडी उतरली, झाकण उघडलं, आणि एका शिक्षिकेने चमचाभर खिचडी ताटलीत घेऊन मुलांच्या आधी खाल्ली. मग एक वही काढली. तारीख, पदार्थ, चव कशी, आणि खाली सही. चव नोंदवही म्हणतात तिला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं विषारी जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. आधी मोठ्या माणसाने चव घ्यायची आणि मगच वाढायचं, या नियमामागे काय आहे ते त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पोषण आहाराच्या योजनेत किती आणि काय द्यायचं हेही ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. ती खिचडी मी चाखली. मीठ थोडं कमी होतं, मटकी चांगली शिजली होती. त्या खिचडीबद्दल तक्रारी असतात, कधी पातळ येते, कधी उशिरा येते, आणि तक्रार करायला जागा आहे कारण कुणीतरी सही केलेली असते. आमच्या लाखभर रुपये फीच्या शाळेत मुलांच्या पोटात जाणाऱ्या पार्सलची कुणी चव घेत नाही, कुणाची सही नाही. जिला आपण गरिबांची शाळा म्हणतो तिथे जेवणाला धनी आहे, आमच्याकडे नाही. या सगळ्या भटकंतीत मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते हे.

आणखी एक गोष्ट त्याच शिक्षिकेमुळे कळली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आमच्यासारख्या शाळांत २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. पोषण आहार मात्र सरकारी आणि अनुदानित शाळांना आहे, विनाअनुदानित खाजगी शाळांना नाही. म्हणजे रिक्षा चालवणाऱ्याचं मूल आमच्या शाळेत आलं की फी माफ होते आणि दुपारची खिचडी सुटते. ते मूल डबा आणतं. त्याच्या शेजारच्या बाकावर कागदी खोकं उघडतं, आत चीज ताणलं जातं, आणि सगळा वर्ग भोवती गोळा होतो. मुलाला मी विचारलं, पार्सल आलं की तुम्ही वाटून खाता का? तो म्हणाला, "डबा वाटतो. पार्सल ज्याचं त्याचं असतं, ते महाग असतं ना." आमच्या लहानपणी कराडला मधल्या सुट्टीत डबे गोलात ठेवायचे आणि ज्याला जे हवं ते उचलायचं, अशी रीत होती. घरोघरची भाजी वेगळी, पण कुणाच्या डब्याला किंमत चिकटवलेली नव्हती. शाळा गणवेश सक्तीचा करते तो याच कारणासाठी. मग त्या अर्ध्या तासात प्रत्येक बाकावर बापाची ऐपत मांडू कशी देते?

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ते वडील, जे आधी तडकले होते, त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला, माझ्या मुलाने काय खायचं ते मी ठरवणार. मी म्हटलं, तुमच्या घरी, हॉटेलात, रस्त्यावर, जरूर ठरवा. शाळेच्या वेळेत मूल शाळेच्या ताब्यात आहे. त्याला उलटी झाली तर ॲम्ब्युलन्स शाळा बोलावणार, जबाब शाळा देणार. मग जे जेवण कुणी पाहिलेलं नाही, चाखलेलं नाही, ज्याच्या आचाऱ्याला ते मुलासाठी आहे हेही ठाऊक नाही, ते शाळेने मुलाच्या हातात का द्यावं? त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पण मग सोय काय?" तो प्रश्न योग्यच होता. परिचारिका असलेल्या त्या आईंचं वाक्य मी वहीतून वाचून दाखवलं, कारण बंदीचा ठराव लिहायला दोन मिनिटं लागतात आणि सोय उभी करायला महिने.

बराच वाद झाला. वाढदिवसाच्या केकवरून तर विषय भलतीकडेच गेला, तो मी इथे लिहीत नाही. शेवटी ठरलं ते असं. शाळेच्या मागच्या बंद पडलेल्या कँटीनमध्ये जवळच्या वस्तीतल्या महिला बचत गटाला पोळीभाजी आणि वरणभात करायला द्यायचं. अन्न परवाना त्यांचा, भाडं शाळेने घ्यायचं नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी पालकाने कळवायचं, महिन्याअखेर पैसे भरायचे. डबा विसरलेल्या मुलाला त्याच दिवशी तिथे जेवण मिळेल. राखीव जागांवरच्या ज्या मुलांना हवं असेल त्यांच्या जेवणाचे पैसे शाळा चालवणारी संस्था भरेल, आणि ताट सगळ्यांचं सारखंच असेल. मुलांच्या आधी रोज एक शिक्षक आणि आळीपाळीने एक पालक तिथे जेवतील आणि वहीत सही करतील. ती वही कशी आखायची हे आम्ही रस्त्यापलीकडच्या शाळेतून आणलं. घरून कुणी डबा आणून देणार असेल तर अकराच्या आत, मुलाचं नाव आणि तुकडी लिहून. आणि कँटीन सुरू झाल्याच्या दुसऱ्या सोमवारपासून हॉटेलचं पार्सल गेटवर घेतलं जाणार नाही, कुणाचंही.

मला स्वतःला हा निर्णय बरोबर वाटतो आणि मी त्याच्या बाजूने हात वर केला. हॉटेलचं जेवण शाळेत पाठवू नये. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जा, शेजारी बसून खा, त्यात आनंदच आहे. पण अशीच पार्सलं ज्यांच्या शाळेत येतात त्या पालकांना माझी एक विनंती आहे. बंदी मागायच्या आधी शाळेकडे कँटीन मागा. स्वयंपाकघर, परवाना, चव घेणारा माणूस आणि रिकाम्या हाताने आलेल्या मुलासाठी एक भरलेलं ताट, एवढं आधी उभं राहू द्या. गेट त्यानंतर बंद करा.